कोकणकड्याचा सूर्यास्त कितीला पडतो?

दाजींचा फोन एरवी दिवाळीला येतो, नाहीतर घरात कुणी आजारी पडलं तर. त्यामुळे परवा भर दुपारी त्यांचं नाव दिसलं तेव्हा पोटात गोळाच आला. पण दाजी ठणठणीत होते. "पाव्हणं, तुम्ही पेपरात ग्राहकांसाठी लिहिता न्हवं? मग एक हिशेब करून द्या. तुमची भाची नोकरी सोडायची म्हणतीय. डोंगराचे फोटो काढणार आणि लोकांना काढायला शिकवणार. ह्याला खर्च किती, आणि ह्यात मिळतं किती?"

भाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तीन वर्षं झाली, शनिवार-रविवार ती घरी सापडत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तिनं काढलेला एक सूर्यास्त आमच्या बैठकीत लागलाय. त्या सूर्यास्ताचं बिल मी भरलंय, म्हणून या विषयात मला थोडं कळतं असं दाजींना वाटतं. शिवाय मी स्वतः दोन-तीन वर्कशॉपना पैसे घालवले आहेत. घालवले हा शब्द एका बाबतीत तरी अक्षरशः घ्यावा.

दाजींकडून आठ दिवस मागून घेतले आणि विचारपूस केली. खाली दिलेले भाव पुणे-मुंबईकडचे आहेत, काही मी भरलेले, काही विचारून घेतलेले. ते साधारण धरा. तुमच्या गावात आणि तुमच्या घासाघिशीप्रमाणे वर-खाली होतील.

फी नेमकी कशाची?

लँडस्केप फोटोग्राफी शिकवणाऱ्यांचे दर चार पायऱ्यांवर आहेत. पहाटे साडेचारला निघून दुपारी परत आणणारं एक दिवसाचं वर्कशॉप दीड ते तीन हजारांत होतं. भंडारदरा, साम्रद, महाबळेश्वर किंवा कोकणकिनारा, दोन रात्री मुक्काम: आठ ते पंधरा हजार. लडाख किंवा स्पितीचे सात-आठ दिवस पंचेचाळीस ते ऐंशी हजारांपर्यंत जातात, विमानाचं तिकीट वेगळं. आइसलँड-नॉर्वेचा आकडा तीन लाखांच्या पुढे सुरू होतो. तिथे जाणाऱ्याला हा लेख वाचायची गरज नसावी.

आता मधल्या पायरीचं गणित उलगडून बघू. राजूरमार्गे पाचनईला गेलात, गावातल्या घरी भाकरी-पिठलं खाल्लंत, तिथूनच वाटाड्या घेतलात आणि रात्री वर भाड्याच्या तंबूत झोपलात, तर तोच कडा आणि तोच सूर्य दीड-दोन हजारांत दिसतो. वर्कशॉपवाला बारा हजार घेतो. त्यातले चार-पाच हजार गाडी, मुक्काम आणि जेवणाचे धरा. उरलेले सात हजार शिकवण्याचे. म्हणजे तुम्ही जागा विकत घेत नाही, शिक्षकाचे डोळे भाड्यानं घेता, आणि ते डोळे तुमच्या फोटोंकडे किती वेळ बघणार हे आधी विचारून घेणं हा तुमचा हक्क आहे.

हे मी अनुभवातून सांगतोय. काही वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या गुरुजींच्या वर्कशॉपला साडेनऊ हजार भरले. पहाटे कड्यावर पोचलो तेव्हा आम्ही एकतीस जण होतो. जाहिरातीत आकडा नव्हता आणि मीही विचारला नव्हता. गुरुजींनी सगळ्यात मोक्याच्या दगडावर आधी स्वतःचा ट्रायपॉड रोवला. प्रकाश आला, गेला. त्या पाऊण तासात मी गुरुजींच्या निळ्या जर्किनची पाठ बघत होतो, आणि माझ्या कार्डात त्या पाठीचे चार फोटो अजून आहेत. संध्याकाळी 'फोटो रिव्ह्यू' होता. एकतीस जणांचा तो पन्नास मिनिटांत आटपला, म्हणजे माणशी दीड मिनिटाला थोडं जास्त. माझ्या फोटोला "छान, पण क्षितिज तिरकं" एवढं मिळालं. क्षितिज खरंच तिरकं होतं, पण हे मला घरची मंडळी फुकटात सांगतात.

म्हणून पैसे भरण्याआधी फोनवर विचारा: एका शिक्षकामागे किती जण? आठपर्यंत ठीक, बारा म्हणजे गर्दी, त्यापुढे सहल. फोटो बघून चर्चा किती तास, आणि प्रत्येकाचे किती फोटो? प्रकाश चांगला असताना शिक्षक स्वतःचा फोटो काढतात की आमच्यामागे फिरतात? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर पैसे खिशातच ठेवा.

चांगल्या शिक्षकाची आणखी एक खूण फुकटात तपासता येते. त्यासाठी पंचांग किंवा कालनिर्णय पुरतं. 'आकाशगंगेची फोटोग्राफी' असं वर्कशॉप पौर्णिमेच्या आसपास ठेवलं असेल तर ते हॉलिडे रिसॉर्टच्या सोयीनं ठेवलंय. चंद्रप्रकाशात आकाशगंगा धुऊन निघते. डिसेंबरात ठेवलं असेल तर त्याहून वाईट, कारण तेव्हा आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग सूर्याच्याच दिशेला असतो, म्हणजे रात्री दिसतच नाही. आपल्याकडे मार्च ते मे या काळातल्या अमावास्या त्याला उत्तम. मार्चात पहाटे उठावं लागतं, मेमध्ये रात्री उशिरा काम होतं. जून लागला की सह्याद्रीत आभाळ भरून येतं आणि तारे चार महिने रजेवर जातात. भाचीनं हे मला समजावलं आणि मग हसून म्हणाली, "मामा, आश्विनातली अमावास्या हवेसाठी सगळ्यात छान असते, पण त्या दिवशी लक्ष्मीपूजन. गडावर येणार कोण?"

पावसाचा मुद्दा पैशाचाही आहे. जुलै-ऑगस्टात रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी गडकिल्ले आणि धबधबे पर्यटकांना बंद करतात. हे दरवर्षी कुठे ना कुठे होतंच, तेव्हा 'अनपेक्षित संकट' म्हणून आयोजकाला हात वर करता येऊ नयेत. बंदी आली तर पूर्ण पैसे परत, की पुढची तारीख, की काहीच नाही? हे व्हॉट्सअॅपवर लेखी मागून घ्या. तोंडी "बघू ना, घरचंच आहे" याचा अर्थ काहीच नाही असा घ्यावा.

कासचं पठार हा वेगळा खर्च आहे. फुलांचा हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. तिथे रोजच्या माणसांवर मर्यादा असते, प्रवेशाला आधी नोंदणी आणि शुल्क लागतं, आणि ते वर्कशॉपच्या फीत धरलंय का हे विचारलं नाहीत तर दारात वेगळे मोजावे लागतात. जागा सातारच्या पश्चिमेला, पंचवीसेक किलोमीटरवर, आणि पश्चिम घाटाबरोबर २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत. जो शिक्षक चांगल्या कोनासाठी तुम्हाला आखलेली वाट सोडून फुलांत उतरवतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. माझं हे मत कुणाला सोवळं वाटलं तरी चालेल. रायगडासारख्या, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणातल्या जागी ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी काढावी लागते. ती आयोजकानं काढली आहे का, की पहारेकऱ्यानं हटकल्यावर तुम्हीच वाद घालायचा, हेही विचारून ठेवा.

प्रवास जमत नसेल त्यांच्यासाठी एक स्वस्त वाट आहे आणि ती मला सगळ्यात आवडते. बरेच शिक्षक तासाला हजार-दोन हजार घेऊन ऑनलाइन तुमचे वीस-पंचवीस फोटो एकेक करून बघतात. स्क्रीन समोर, तिसरं कुणी नाही, लपायला जागा नाही. भाची म्हणते, तिला लडाखच्या आठ दिवसांपेक्षा अशा दोन तासांनी जास्त शिकवलं. तिला त्या शिक्षकानं एकच प्रश्न परत परत विचारला: हा दगड या फोटोत का आहे? सतरा फोटोंत तिच्याकडे उत्तर नव्हतं.

कॅमेऱ्याच्या दुकानात शिरण्याआधी

दुकानदार पहिल्यांदा मेगापिक्सेल सांगतो. त्याला शांतपणे हे गणित ऐकवा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० गुणिले ४००० ठिपक्यांचा असतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर तो २० बाय १३ इंचांचा प्रिंट सहज देतो. भिंतीवरचं मोठं चित्र आपण नाक टेकवून बघत नाही, चार पावलं लांबून बघतो, तिथे इंचाला दीडशे-पावणेदोनशे पुरतात. म्हणजे तोच फोटो ३६ बाय २४ इंचांना जातो. तुमच्या घरात त्याहून मोठी मोकळी भिंत आहे का? आमच्या बैठकीत नाही.

तेव्हा सुरुवातीला नवा मिररलेस कॅमेरा किट लेन्ससह पंचावन्न ते पंचाहत्तर हजारांत, किंवा जुना डीएसएलआर वीस-तीस हजारांत. डोंगर पळत नाही, त्यामुळे पक्षी किंवा खेळ टिपणाऱ्यांना लागतो तसला वेगवान कॅमेरा आणि महागडी टेलिलेन्स इथे लागत नाही. पैसे ट्रायपॉडवर घाला. चांगला अॅल्युमिनियमचा पाच-आठ हजारांत, कार्बन फायबरचा वीस हजारांच्या पुढे. हजार रुपयांचा ट्रायपॉड घेऊ नका. कोकणकड्यावर खालून वर येणारा वारा तो कॅमेऱ्यासकट उचलतो, आणि मग स्वस्ताई फार महाग पडते. एक पोलरायझर फिल्टर, दोन ते सहा हजार. ओल्या पानांवरची आणि कातळावरची चमक तो कापतो, आणि ती गोष्ट नंतर संगणकावर नीट जमत नाही. बाकी फिल्टरांच्या डब्या पहिल्या वर्षी दुकानातच राहू द्या. वाइड लेन्स हवीच वाटली तर विकत घेण्याआधी भाड्यानं आणा. दिवसाला पाचशे ते दीड हजार, वर ओळखपत्र आणि अनामत.

जुनी लेन्स घेताना बुरशी बघायलाच हवी. लेन्स हातात घ्या, दोन्ही झाकणं काढा, मागच्या बाजूनं मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे कण वेगळे दिसतात, एकेकटे, बसल्या जागी. बुरशी म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे, काचेच्या कडेपासून आत सरकणारे, फांद्या फुटलेले. एकदा दिसले की विसरत नाही. मुंबई-कोकणात एक पावसाळा कॅमेरा चामड्याच्या पिशवीत बंद राहिला की एवढं पुरतं. विकणारा "पुसून निघेल" म्हणेल. निघत नाही, लेन्स उघडून साफ करावी लागते, आणि कधी धागे जातात पण त्यांचा ओरखडा काचेवरच्या थरावर कायमचा राहतो. अर्ध्या किमतीत दिली तरी मी घेणार नाही.

स्वतःची लेन्स वाचवायला आठ-बारा हजारांचं ड्राय कॅबिनेट मिळतं. मी स्वयंपाकघरातला हवाबंद डबा आणि दोनशे रुपयांचे सिलिका जेलचे मणी वापरतो. मण्यांचा रंग बदलला की तापवून कोरडे करायचे. त्यासाठी वेगळी कढई ठेवा. निळ्या मण्यांच्या रंगात कोबाल्ट असतं आणि ते पोळीच्या तव्यावर नको. आमच्या घरात यावरून एकदा रामायण घडलंय.

फोटो नीट करायच्या सॉफ्टवेअरसाठी दरमहा भाडं मागणाऱ्या कंपन्या आहेत. डार्कटेबल आणि रॉथेरपी हे दोन फुकट आहेत आणि शिकणाऱ्याला भरपूर पुरतात. शिक्षक जर "अमुकच घ्या" म्हणाला, तर का ते विचारा.

भिंतीवरचं चित्र

शिकायचं नाही, नुसतं एक चांगलं चित्र घरात लावायचंय, अशा वाचकांसाठी हा भाग. भाव तीन ठिकाणी जातो: छपाई, चौकट आणि छायाचित्रकार. लोक तिसऱ्यावर घासाघीस करतात आणि दुसऱ्यावर न बोलता पैसे मोजतात.

आमच्या सूर्यास्ताचाच हिशेब देतो. आकार ३६ बाय २४ इंच, म्हणजे सहा चौरस फूट. पिगमेंट शाई आणि सुती कागद, चौरस फुटाला चारशे, झाले चोवीसशे. आता चौकट. चित्राभोवती तीन-तीन इंचांचा माउंट सोडला की बाहेरचं माप ४२ बाय ३० झालं. चारी बाजूंची बेरीज १४४ इंच, म्हणजे बारा फूट पट्टी. मी निवडलेली पट्टी फुटाला अडीचशेची होती: तीन हजार. माउंट आठशे, न चमकणारी काच अठराशे, पाठ आणि मजुरी सातशे. एकूण सहा हजार तीनशे. चित्राला चोवीसशे आणि त्याच्या कोटाला सहा हजार तीनशे! भाचीनं स्वतःचं काही घेतलं नाही, मामा म्हणून.

काचेवर काटकसर करायची नाही, हे मी आधीच्या एका चित्रावर शिकलो. साधी काच लावली होती. दिवसा खिडकी दिसायची, रात्री ट्यूबलाइट. मधला डोंगर पाहायला दुपारी चारच्या सुमारास पडदा ओढावा लागायचा. माउंट मात्र आम्लरहित आहे ना हे फ्रेमवाल्याला विचारा. साध्या पुठ्ठ्याची कापलेली कड काही वर्षांत पिवळी पडते आणि तो पिवळेपणा कागदावर उतरतो. आणि प्रिंट मागे चिकटवू देऊ नका, वरच्या कडेला बिजागरीसारखी कागदी पट्टी लावून टांगायला सांगा. फ्रेमवाला कंटाळा करतो, करू दे.

रस्त्याकडेच्या फ्लेक्सवाल्याकडेही डोंगर छापून मिळतो, तोही चौरस फुटाला शंभराच्या आत. तो वाईट असं नाही. पण त्याला फाइन आर्ट प्रिंट म्हणून हजारांत विकत असतील तर तीन गोष्टी विचारा: कागद कोणता, शाई डायची की पिगमेंटची, आणि छपाई कुणाच्या देखरेखीखाली झाली. उत्तरं बिलावर लिहून घ्या.

मग येते 'लिमिटेड एडिशन'. चित्राच्या मागे ३/२५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पंचवीसपैकी तिसरी प्रत. इथे एक पळवाट आहे. काही जण प्रत्येक आकाराची वेगळी आवृत्ती धरतात: पंचवीस मोठे, पन्नास मध्यम, शंभर लहान. मिळून पावणेदोनशे झाले, आणि तुमच्याजवळचा 'पंचवीसातला तिसरा'. गैर नाही, पण सांगितलं पाहिजे. प्रमाणपत्रावर सगळ्या आकारांची मिळून संख्या, कागद, तारीख आणि सही असावी.

चित्र घेतलं म्हणजे त्याचा कॉपीराइट घेतला असं होत नाही, हेही लक्षात असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो छायाचित्रकाराकडेच राहतो, आणि त्याच्या हयातीत, शिवाय त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. बैठकीत लावलेल्या चित्रावरून तुमच्या होमस्टेचं माहितीपत्रक छापायचं असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे. उलट, तुम्हीच पैसे देऊन तुमच्या शेताचे, रिसॉर्टचे फोटो काढून घेतलेत आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक तुम्ही. म्हणून शहाणा छायाचित्रकार आधी कागद पुढे करतो. तो काढला म्हणून रागावू नका.

पोट यावर भरायचं असेल तर

दाजींचा खरा प्रश्न हा होता. त्यांना मी अन्सेल अॅडम्सची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला हा माणूस (१९०२ ते १९८४) म्हणजे या धंद्यातला भीमसेन. १९२७ साली त्यानं सिएरा नेवाडाच्या डोंगरांचे अठरा प्रिंट्स एका संचात काढले, किंमत पन्नास डॉलर. त्याची 'मूनराइज, हर्नांडेझ' ही १९४१ ची प्रतिमा २००६ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ६ लाख ९ हजार ६०० डॉलरला गेली. गंमत अशी की या चित्राच्या त्यानं हयातीत तेराशेच्या आसपास प्रती काढल्या होत्या. आवृत्तीच्या आकड्याला किती भाव द्यायचा ते यावरून ठरवा.

पण २००६ साली तो जिवंत नव्हता. जिवंत असताना घर कशावर चाललं? बायकोला वडिलांकडून मिळालेल्या योसेमिटीतल्या स्टुडिओ-दुकानावर, कंपन्यांच्या जाहिरातींच्या कामावर, पोलरॉइडच्या सल्लागारीवर, पुस्तकांवर, आणि शिकवण्यावर. १९४६ साली त्यानं सॅन फ्रान्सिस्कोच्या कला महाविद्यालयात फोटोग्राफीचा विभाग उभा केला आणि १९५५ पासून योसेमिटीत वर्षानुवर्षं वर्कशॉप घेतली. नुसत्या प्रिंट्सवर खरा पैसा दिसायला त्याला सत्तरी गाठावी लागली.

"म्हंजे मास्तरकीच," दाजी म्हणाले.

मास्तरकीच. म्हणून भाचीच्या मास्तरकीचा ताळेबंद आम्ही दोघांनी बसून मांडला. दोन रात्रींचं वर्कशॉप, आठ जण, माणशी दहा हजार: ऐंशी हजार जमा. मुक्काम आणि जेवण, तिच्यासह नऊ माणसं, माणशी रात्रीला दीड हजार, दोन रात्री: सत्तावीस हजार. टेंपो ट्रॅव्हलर, ड्रायव्हरचा भत्ता आणि टोलसह पंधरा हजार. मदतनीस पाच. गावातला वाटाड्या आणि वनखात्याची प्रवेशपावती, चार. आधी एकदा जाऊन जागा बघून येणं, पाच. उरले चोवीस हजार. त्यात तीन दिवस डोंगरावर, दोन दिवस तयारी, एक दिवस सगळ्यांचे फोटो बघायला. दोघांनी आयत्या वेळी 'मुलाची परीक्षा आहे' म्हणून नाव काढलं तर उरले फार तर दहा.

अशी वर्षाला किती होतील? पावसाळ्यात निम्मी रद्द, एप्रिल-मेमध्ये ऊन, दिवाळीत माणसं गावी. आठ झाली तर उत्तम वर्ष. आठ गुणिले चोवीस, एक लाख ब्याण्णव हजार, तेही एकही जागा रिकामी न राहता. कॅमेऱ्याची झीज, विमा आणि संगणक यातून अजून वजा व्हायचेत. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे तोवर सेवांसाठी जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, एवढा एक दिलासा. ज्याची वर्कशॉपची जाहिरात 'अधिक १८ टक्के जीएसटी' म्हणते, त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर ते अठरा टक्के त्याच्या खिशात जातात.

म्हणून कड्यावर सूर्योदय शिकवणारे अनेक जण मार्गशीर्षात मंगल कार्यालयात अक्षता टिपताना भेटतात. यात लाज काही नाही. एका रविवारच्या लग्नाचे त्यांना तीन वर्कशॉपइतके मिळतात. भाचीला लग्नं करायची नाहीत. तिला मी एवढंच म्हटलं, मग अॅडम्सचं दुकान तरी कुठलं ते ठरव.

कॉलेजातून रीतसर शिकायचं तर मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत फोटोग्राफी हा विषय आहे, आणि गांधीनगरला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत छायाचित्रणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. खासगी संस्थांची फी लाखांत असते. तिथे प्रवेश घेण्याआधी मागल्या तीन वर्षांतले पाच माजी विद्यार्थी स्वतः शोधा. संस्थेनं दिलेले नंबर धरू नका.

पैसे अडकले तर

आधी आयोजकाला लेखी कळवा, तारीख टाकून. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आयोजक दिल्लीचा असला तरी. मुदत दोन वर्षांची. लागतं काय? पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं. माझ्या एकतीस जणांच्या वर्कशॉपची माझ्याकडे पावतीच नव्हती. रोख दिले होते, कारण रोखीत पाचशे सूट होती.

परवा हा सगळा हिशेब दाजींना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. भाचीनं नोकरी सोडलेली नाही, कंपनीकडे चार दिवसांचा आठवडा मागितलाय. पगारातला पाचवा हिस्सा जाईल. मार्चच्या अमावास्येला साम्रदला तिचं पहिलं वर्कशॉप आहे, जागा सहा. पाच भरल्या होत्या. सहावी दाजींनी भरली. आयुष्यात कॅमेरा हातात न धरलेला माणूस! भाची म्हणाली, "बाबा, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे?" दाजींनी पूर्ण फी ऑनलाइन पाठवली, सूट घेतली नाही, आणि लगेच मला फोन केला.

"पाव्हणं, पैसं पोचल्याचं दिसतंय. पावती अजून आली न्हाई."